दोन केमोंच्या मधले दिवस

कर्करोगाच्या उपचारांवर आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा त्यात रुग्णालय असतं, यंत्रं असतात, औषधांच्या किमती असतात. केमो मात्र रुग्णालयात चढते आणि सोसावी लागते घरी. बऱ्याच औषधांचा फेरा एकवीस दिवसांचा असतो. त्यातला एखादा दिवस डे केअरच्या खाटेवर जातो. उरलेले वीस दिवस सोलापूरच्या भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत, भिंतीपलीकडे यंत्रमागाचा खडखडाट चालू असताना काढायचे असतात. औषध सोलापूरच्या माणसाजवळ यावं म्हणून गेल्या चाळीसेक वर्षांत खूप झालं, आणि ते मनापासून मान्य करायला हवं. पण त्या वीस दिवसांना आणि शेवटच्या केमोनंतरच्या वर्षांना अजून कुणी वाली नाही.

आधी जे झालं ते. टाटा मेमोरियल रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि पुढची अनेक दशकं सोलापुरात कर्करोग म्हणजे मुंबई, हे समीकरण पक्कं राहिलं. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचं, पहाटे दादरला उतरायचं, नंबर लावायचा. राहायला गाडगे महाराजांच्या नावानं चालणारी दादरची धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. तिथं जागा मिळाली नाही तर फूटपाथ. हा प्रवास आजही थांबलेला नाही. फार कमी लोकांना ठाऊक असलेली एक गोष्ट इथंच सांगतो: उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टियर एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्यालाही ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते मागावं लागतं, आपणहून क्वचितच कुणी देतं.

मुंबईचं अंतर कमी करायला सर्वांत आधी कुणी हात घातला असेल तर तो बार्शीनं. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त यांच्या नावानं कर्करोग रुग्णालय उभं केलं. नर्गिस १९८१ च्या मे महिन्यात स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्यावर न्यूयॉर्कला उपचार झाले होते. त्यांच्या नावाचं रुग्णालय सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटरवर, ज्वारीच्या पट्ट्यात उभं राहिलं. तिथंच १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं त्या नोंदणीत होती. शहरातल्या नोंदणीचे लोक रुग्णालयांत जाऊन कागद तपासतात. इथं तसं करून भागणार नव्हतं, कारण खेड्यातला आजारी माणूस रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, बायकांच्या बैठका घेतल्या, अंगावरून जाणं किंवा तोंडातली न भरणारी जखम याबद्दल उघड बोलले. या पद्धतीकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण माझ्या मते आज आपल्याला जे हवं आहे ते त्यात आहे.

पुढं सोलापूर शहरातही सोय वाढत गेली. सिव्हिल आहे, १९६३ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी आणि सहकारी रुग्णालयं आहेत. पैशांच्या बाबतीत मोठा बदल २ जुलै २०१२ रोजी झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. हीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. केमोसाठी मंगळसूत्र गहाण पडायचं, यंत्रमाग विकला जायचा, ते या योजनेनं बऱ्याच घरांत थांबवलं. तपासण्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी मात्र अजूनही घरावरच पडते.

औषधांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण केमो म्हणजे परक्या देशातलं काहीतरी विषारी, अशी समजूत अजून खोलवर आहे. १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर अमिनोप्टेरीन वापरलं आणि काही मुलांचा आजार, काही काळापुरता का होईना, मागे हटला. हे औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं होतं आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. भवानी पेठेत ज्यांच्या घरात आजही तेलुगू बोललं जातं, त्यांनी हे नाव अभिमानानं सांगावं. अमिनोप्टेरीनचं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरात आहे. दुसरं औषध तर दारातच उभं असतं. मधुमेहावर काही सापडतं का म्हणून कॅनडात सदाफुलीचा अभ्यास चालू होता. त्यातून १९५८ च्या सुमारास विनब्लास्टीन हाती लागलं आणि पाठोपाठ विनक्रिस्टीन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टीनशिवाय पान हलत नाही. अर्थात सदाफुलीची पानं चावून कर्करोग बरा होत नाही, उलट जिवावर बेततं. पानातला औषधाचा अंश अत्यंत थोडा असतो, तो वेगळा काढून काटेकोर मापानं थेट शिरेत द्यावा लागतो.

केमोची जुनी धास्ती मुख्यतः उलट्यांची. ज्यांनी पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घरात केमो पाहिली, त्यांच्या आठवणीत बादली आणि आतडी पिळवटणाऱ्या उलट्या आहेत, आणि ते खरंच होतं. १९९० नंतर ऑनडॅनसेट्रॉन आलं, मग अॅप्रेपिटंट आलं, साधी स्वस्त ओलान्झापीनची गोळीही उपयोगी ठरली. आज योग्य गोळ्या वेळेवर घेतल्या तर बहुतेकांच्या उलट्या आटोक्यात राहतात. पण त्या गोळ्या उलटी व्हायच्या आधी घ्यायच्या असतात. पेठेतली रीत उलटी झाल्यावर गोळी शोधण्याची. ‘त्रास नाही तर गोळी कशाला’ म्हणून पट्टी तशीच फळीवर राहते आणि तिसऱ्या दिवशी रात्री दोन वाजता रिक्षा शोधावी लागते.

आता मधल्या दिवसांकडे येतो.

केमो झरझर वाढणाऱ्या पेशींवर जाते. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, तशाच केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या आवरणात आणि हाडांतल्या मगजात रक्त बनवणाऱ्या पेशीही असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि काऊंट पडतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. रुग्णाला मात्र नेमकं तेव्हाच बरं वाटू लागलेलं असतं. पहिल्या चार दिवसांची मळमळ सरलेली, तोंडाला थोडी चव आलेली. याच दिवसांत पाहुणे येतात, शेजारच्या लग्नाची हळद असते, जानेवारी असेल तर गड्ड्याची जत्रा असते. आणि याच दिवसांत साधा ताप जीव घेऊ शकतो. १००.४ फॅरनहाइट हा आकडा केमो चालू असलेल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला हवा. तेवढा ताप आला की घरात पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, गल्लीतल्या दवाखान्यात सुई टोचून घ्यायची नाही. फाईल घ्यायची आणि ज्या रुग्णालयात केमो चालू आहे तिथं निघायचं, रात्र असली तरी. अँटिबायोटिक पहिल्या तासात सुरू होण्याला इथं फार महत्त्व आहे.

सोलापुरात हे सांगणं सोपं नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, पत्र्याच्या खोलीत सगळ्यांचंच अंग तापलेलं असतं. ‘ऊन लागलं असेल’ या वाक्यानं किती दिवस वाया गेले असतील, सांगता येणार नाही. अंगाला हात लावून ताप बघायची सवय इथं कामाची नाही, थर्मामीटरच लागतो. दुसरी अडचण पाण्याची. या शहराला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येतं. घोंगडे वस्तीत, मड्डी वस्तीत प्रत्येक घरासमोर पिंप आणि टाक्या असतात, त्यातलं पाणी चौथ्या दिवशी कसं असेल हे वेगळं सांगायला नको. निरोगी माणसाला ते पचतं. काऊंट पडलेल्या माणसासाठी पाणी उकळलेलंच हवं आणि ते निराळ्या, झाकणाच्या भांड्यात हवं. हातगाडीवरची चिरलेली फळं नकोत. सोलापूरचं डाळिंब चांगलंच, पण घरी धुऊन, घरी सोलून.

खाण्यापिण्याचे सल्ले देणारे पेठेत जितके आहेत तितके रुग्णही नसतील. साखर बंद करा, दूध बंद करा, भात बंद करा, अमुक बाबांचा काढा सुरू करा. इतकं सगळं बंद केल्यावर वजन उतरतं आणि वजन उतरलं की पुढची केमो पुढं ढकलावी लागते. काढ्यांनी यकृतावर ताण आला तरीही तेच होतं. तोंड आलेलं असताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी जमणार नाही. पण ज्वारीची आंबील, मऊ मुगाची खिचडी, भाकरी दुधात कुस्करून, नीट शिजवलेलं अंडं हे सगळं चालतं. ताकाबद्दल डॉक्टरांत थोडं मतांतर आहे, आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. ताट-वाटी वेगळी करण्याचं मात्र काहीएक कारण नाही. कर्करोग उष्ट्यानं लागत नाही. केमोनंतर दोन दिवस शौचालयात दोनदा पाणी टाकावं, उलटी-लघवीनं भरलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत, एवढीच खबरदारी पुरेशी आहे. आजीच्या मांडीवरून नातवंडाला ओढून नेणारी घरं मी पाहिली आहेत. त्या आजींना केमोपेक्षा ते जास्त लागलं होतं.

पेठेतल्या एका अक्कांचं सांगतो, कारण मोठमोठ्या चर्चांत जे सुटतं ते त्यांच्या बोटांत दिसलं. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू होतं. त्या लहानपणापासून बिड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू, बाजूला दोऱ्याचं रीळ. पूर्वी बोलता बोलता, खाली न बघता त्यांची बोटं चालायची. पान घ्यायचं, चिमूट पसरायची, गोल फिरवायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. आता प्रत्येक बिडीकडे डोळे लावून बघावं लागत होतं, कारण पान बोटांत आहे की निसटलं हे बोटांना कळतच नव्हतं. दोरा दोनदा-तीनदा सुटायचा. वळलेल्या बिड्या सैल व्हायच्या आणि कारखान्यात बाजूला काढल्या जायच्या. हजार बिड्यांवर मजुरी ठरते, त्यामुळं औषधाचा हा परिणाम थेट पैशांत दिसत होता. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काही त्रास? त्या म्हणाल्या, काही नाही. उलटी नव्हती, ताप नव्हता. बोटं बधिर होणं हा ‘त्रास’ म्हणून सांगायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वेळेवर कळलं तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. उशीर झाला तर बधिरपणा महिनोन्‌महिने राहतो, काहींचा जातच नाही. ज्या गावात निम्मी पोटं बोटांवर चालतात, तुटलेला धागा जोडणं आणि बिडी वळणं हीच कामं आहेत, तिथं प्रत्येक भेटीत ‘बोटांना मुंग्या येतात का’ हे विचारायलाच हवं. आणि अक्कांना ते तेलुगूत विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मजुरीचा प्रश्न इथंच जोडून येतो. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला कर्करोगासारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. कायदा उत्तम आहे. पण यंत्रमागावरच्या असंख्य कामगारांची नोंदच नसते, आणि घरी बिड्या वळणाऱ्या बाईला तर हा दरवाजा जवळपास बंदच. पुरुष आजारी पडला तर बायको दोन सुपं घेऊन बसते. बाई आजारी पडली तर केमोच्या पाचव्या दिवशी तीच चुलीशी उभी असते.

केसांबद्दल शहरी लिखाणात खूप येतं, म्हणून थोडक्यात. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात, उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत परत येऊ लागतात. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये आपले कापलेले केस आणि नंतरचं डोकं लोकांसमोर आणलं, त्यानं अनेक बायकांना बळ मिळालं. पेठेतल्या बाईला मात्र विगपेक्षा पदर जवळचा. तिला खुपतं ते हळदीकुंकवाला बोलावणं न येणं.

आता शेवट. सहा किंवा आठ केमो संपल्या, शेवटची सलाईन निघाली, हाताला कापूस लावला. हल्ली बऱ्याच रुग्णालयांत त्या क्षणी घंटा वाजवतात. ही प्रथा १९९६ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात सुरू झाली. अमेरिकी नौदलातले अधिकारी इर्व्ह ल मोयन यांनी आपले उपचार संपल्यावर जहाजावरची पितळी घंटा तिथं बसवली. माणसं टाळ्या वाजवतात, फोटो निघतो, आनंद खरा असतो. शेजारच्या खाटेवर ज्याची केमो कधीच संपणार नाही तो माणूसही ती घंटा ऐकत असतो, म्हणून मला ती केमोच्या खोलीबाहेर असावीशी वाटते.

घरी आल्यावर जे होतं त्याची तयारी कुणी करून घेत नाही. उपचार चालू असताना दर तीन आठवड्यांनी कुणीतरी रक्त तपासत होतं, विचारपूस करत होतं. आता पुढची तारीख तीन महिन्यांनी. घरच्यांना वाटतं संपलं एकदाचं. ते पूर्वीसारखं काम अपेक्षित धरतात. रुग्णाला जिना चढवत नाही, दुपारी डोळे मिटतात, नावं आठवत नाहीत, प्रत्येक दुखण्यात ‘परत आला का’ हेच दिसतं. हा थकवा कित्येक महिने टिकतो आणि तो आळस नाही, हे नवऱ्याला, सासूला, मुकादमाला डॉक्टरांच्या तोंडून कळायला हवं. अभिनेते शरद पोंक्षे यांनी कर्करोगावरचे उपचार घेऊन २०१९ मध्ये ‘हिमालयाची सावली’ नाटकातून पुनरागमन केलं आणि या काळावर ‘दुसरं वादळ’ हे पुस्तक लिहिलं. रंगभूमीनं त्यांची वाट पाहिली. यंत्रमाग वाट पाहत नाही, त्यावर दुसरा माणूस उभा राहिलेला असतो.

उपचार संपले तरी औषध संपतंच असं नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते. ती स्वस्त आहे, पण अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात. ‘आता बरी आहे ना मी’ म्हणून गोळी गुपचूप बंद होते आणि ते पुढच्या तपासणीपर्यंत कुणालाच कळत नाही. तपासणीलाही सगळे येत नाहीत. एक दिवसाची मजुरी, बसभाडं, सोबतीला माणूस, आणि तपासल्यावर काही निघेल ही भीती. लाल औषध म्हणून ओळखलं जाणारं डॉक्सोरुबिसीन ज्यांनी घेतलं त्यांच्या हृदयावर वर्षांनंतरही लक्ष ठेवावं लागतं, हे त्यांच्या फाईलवर कुठंतरी असतं. ती फाईल पुराच्या पाण्यात किंवा घर बदलताना गेली की सगळंच गेलं.

उपचारांनंतरच्या आयुष्याची गरज महाराष्ट्रात कुणी ओळखलीच नाही, असं मात्र नाही. टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी १९९१ मध्ये उपचार पूर्ण झालेल्या बालरुग्णांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. वाढ, शाळा, नोकरी, लग्न, मूल होणं, नंतर उद्भवणारे आजार, सगळ्याकडे तिथं पाहिलं जातं. मोठ्या माणसांना, आणि मुंबईबाहेर, तशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

काहींचे उपचार बरं होऊन संपत नाहीत. केमोचा उपयोग होईनासा होतो आणि थांबायचं ठरवावं लागतं. थांबणं म्हणजे रुग्णाला सोडून देणं नव्हे. वेदना थांबवता येतात, मॉर्फिन आहे, पुण्याच्या वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून हेच काम करतं आहे. सोलापुरातली कितीतरी घरं मात्र शेवटच्या महिन्यात पुन्हा एक केमो, पुन्हा एक मुंबईची फेरी यात दमून जातात, कारण ‘आता पुरे’ म्हणायला त्यांना कुणी मदत करत नाही.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचं डे केअर केंद्र उघडण्याची घोषणा झाली. तसं झालं तर केमोची खाट आणखी जवळ येईल, हे स्वागतार्हच. पण खाटेवरचा तो एकच दिवस झाला. बार्शीच्या नोंदणीनं ३४६ गावांत दाखवून दिलं, की माणूस रुग्णालयात येत नसेल तर रुग्णालयानं माणसाकडे जावं, आणि पगारी, प्रशिक्षित, स्थानिक कार्यकर्ते नेमले तर ते वर्षानुवर्षं जमतं. रुग्ण शोधण्यासाठी आणि मोजण्यासाठी ही पद्धत वापरली गेली. तीच केमोच्या दहाव्या दिवसासाठी का वापरू नये? क्षयरोगाच्या रुग्णामागे आज देशभर यंत्रणा आहे. डोस चुकला तर विचारायला माणूस येतो, आणि पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये खात्यात येतात, २०२४ च्या अखेरीपासून ते १००० झाले आहेत. भवानी पेठेतल्या आशा सेविका याच गल्ल्यांतून फिरतात, त्यांना तेलुगू आणि कन्नड येतं, कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं. केमोच्या सातव्या आणि दहाव्या दिवशी त्यांनी दार वाजवावं, थर्मामीटर लावावा, तोंड उघडायला सांगावं, बोटांना मुंग्या येतात का ते विचारावं, गोळ्यांची पट्टी बघावी. उपचार संपल्यावर दर तीन महिन्यांनी तपासणीच्या तारखेची आठवण करून द्यावी. त्याचा मोबदला त्यांना भेटीमागे मिळावा आणि जन आरोग्य योजनेच्या केमोच्या पॅकेजमध्येच तो धरलेला असावा. महापालिकेला आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेला यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही, एकही यंत्र आयात करावं लागत नाही.